क्लाइव्ह मेटकाफची टर्बो चिमणी

"स्वयंपाकघराचं काम माझ्यावर सोपव आणि तू निवांत बस!" असं क्लाइव्ह मेटकाफने बायकोला सांगितलं, त्याच क्षणी मॉरीनने निवांत बसण्याची आशा सोडली.

क्लाइव्ह भूगोलाचा मास्तर, नुकताच निवृत्त झालेला. यॉर्कशरच्या डोंगरातल्या त्या खेड्यात निवृत्त माणसाला दोनच उद्योग असतात, कुत्रा फिरवणं आणि घर दुरुस्त करणं. मेटकाफांकडे कुत्रा नव्हता. आदल्या हिवाळ्यात त्याने खिडक्यांच्या सगळ्या फटी रबरी पट्ट्या चिकटवून बुजवल्या होत्या. गार वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येईना! त्या यशाने हुरूप चढलेला, त्यातच जुन्या शेगडीने मान टाकली. मग काय विचारता!

मॉरीनला चार बर्नरची, एका ओव्हनची साधी शेगडी पुरली असती. केक एका बाजूने करपू नये, एवढंच तिचं मागणं. पण दुकानात शिरल्या शिरल्या क्लाइव्ह एका गडद हिरव्या कुकिंग रेंजपुढे जाऊन उभा राहिला. सहा बर्नर, दोन ओव्हन, पितळी कठडा, जाडजूड लोखंडी दारं. रुळावर ठेवली असती तर शिट्टी मारून निघालीच असती.

"क्लाइव्ह, आपण दोघंच आहोत रे घरात."

"आणि जेमाचं लग्न झाल्यावर?"

"झाल्यावरही दोघंच! लेक काय नवऱ्याला घेऊन आपल्याकडे राहायला येणार आहे?"

पण क्लाइव्ह ऐकायच्या पलीकडे गेला होता. रेंज घेतली म्हणजे तिच्यामागे लावायचा स्टीलचा पत्रा आला, भाजायचा बिडाचा तवा आला, ओव्हनच्या जादा जाळ्या आल्या. आणि सगळ्यात शेवटी आली चिमणी. एका बटणावर चार वेग. चौथ्याचं नाव टर्बो.

"ही हॉटेलवाले नेतात, साहेब," विक्रेता म्हणाला.

"मग आम्ही काय कमी खातो?" क्लाइव्ह म्हणाला.

"वास जायला खिडकी उघडली की पुरतं," मॉरीन पुटपुटली.

"खिडकी? मी पट्ट्या कशाला लावल्यात?"

रेंज बसली, चिमणी बसली, आणि पुढच्याच रविवारी फोदरगिल पतिपत्नी दुपारच्या जेवणाला यायची ठरली. जेमाचं ज्याच्याशी जमलं होतं तो टोबी त्यांचा मुलगा. पोरगा गुणी, जनावरांचा डॉक्टर. त्याच्या आईबद्दल मात्र जेमाने आधीच बजावून ठेवलं होतं. "आई, त्या मनाने वाईट नाहीत गं. फक्त हसत नाहीत. आणि माझ्याबद्दल त्यांचं अजून काही ठरलेलं नाही."

"जेवल्यावर ठरेल!" क्लाइव्हने छाती ठोकली. "गोमांसाचा रोस्ट, बटाटे, पुडिंग. सगळं मी करणार. तुम्ही दोघींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही!"

रविवार उजाडला. पाहुणे दारात पोचले आणि टोबीचा फोन वाजला. कुणाची तरी गाय अडली होती. तो तसाच परत फिरला. राहिले आईवडील. मिस्टर फोदरगिल अबोल, टोपी हातात घेऊन उभे. मिसेस फोदरगिल दुधाळ रंगाच्या लोकरी सूटमध्ये. मॉरीनने त्यांना मानाने शेकोटीजवळच्या सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसवलं.

"तुमचं घर उबदार आहे, मिसेस मेटकाफ," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

आत क्लाइव्हने बटाटे उकळायला ठेवले आणि थाटात चिमणीचं बटण दाबलं. पहिला वेग. घूंऽऽ!

बाहेरच्या खोलीत शेकोटीतल्या धुराने धुराड्यातून वर जाण्याचा बेत बदलला. तो खाली वळला आणि मिसेस फोदरगिलच्या पायाशी येऊन रेंगाळला.

"बाबा!" जेमा ओरडली. "धूर येतोय!"

क्लाइव्हने इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघरात धुराचा मागमूस नव्हता. म्हणजे आपल्या रोस्टचा धूर थेट बाहेरच्या खोलीत पोचला की काय? ओव्हनचं दार उघडून बघावं, तर मांस शिजताना दार उघडायचं नाही असं त्याने पुस्तकात वाचलेलं. "घाबरू नका! वाढवतो!" म्हणून त्याने दुसरा वेग लावला.

शेकोटीतून या वेळी धुराबरोबर काजळीही आली. मिस्टर फोदरगिल खोकायला लागले. मॉरीनने लोखंडी सळईने निखारे खाली-वर केले, तेव्हा ठिणग्याही आल्या.

"क्लाइव्ह! आणखी वाढलाय!"

"काय?" चिमणीच्या आवाजात त्याला धड ऐकू येईना.

"वाढलाय! वाढलाय!"

"वाढवतोय! वाढवतोय!" आणि तिसरा वेग.

आता त्या खोलीतली माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत होती. "मॅडम, तुमचा हात द्या," असं म्हणत मॉरीनने घाईघाईने जो हात धरला, तो मिस्टर फोदरगिलचा निघाला. जेमा रडकुंडीला येऊन किंचाळली, "बाबा, बंद कर! बंद कर ते!"

क्लाइव्हच्या कानावर एवढंच पडलं, "बंद कर!" पोरीचं खरंच होतं, स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलेलं. त्याने ते बंद केलं आणि खबरदारी म्हणून टर्बो लावला.

दाराखालच्या फटीतून हवा शीळ घालत आत घुसली. आणि बाहेरच्या खोलीत धुराड्यातून कित्येक वर्षांची काजळी एका दमात खाली उतरली. धप्प!

तेवढ्यात मिस्टर फोदरगिल चाचपडत घराच्या दाराशी पोचले आणि सगळा जोर लावून त्यांनी ते उघडलं. काय आश्चर्य! धूर मुकाट्याने धुराड्यात वर जाऊ लागला. गार वारा आला म्हणून मॉरीनने सवयीने दार लावलं. धूर परत खाली! उघडलं, वर. लावलं, खाली. मॉरीनच्या डोक्यात प्रकाश पडला. ती ताडताड आत गेली आणि चिमणीचं बटणच बंद केलं.

"अगं, काय करतेस!"

"हवा कमी दाबाकडे वाहते ना, क्लाइव्ह?"

"अर्थात. का?"

"तीस वर्षं पोरांना हेच शिकवलंस! सगळ्या फटी बुजवल्यास आणि वर ही राक्षसीण लावलीस. ती घरातली हवा ओढणार, मग बाहेरची आत कुठून येणार?"

क्लाइव्हने मान हळूहळू बाहेरच्या खोलीकडे वळवली. खुर्चीत मिसेस फोदरगिल ताठ बसल्या होत्या. दुधाळ सूट आता गडदपणात रेंजच्याही दोन पावलं पुढे गेला होता. काळ्या चेहऱ्यात फक्त डोळे दिसत होते, आणि ते क्लाइव्हकडे बघत होते.

"रोस्ट... तयार असेल," तो म्हणाला. काहीतरी बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर त्याने उजव्या ओव्हनचं दार उघडलं.

खाटकाने दिलं होतं तसंच्या तसं मांस! लालबुंद, गार. सकाळपासून त्याने तापवला होता तो डावा ओव्हन.

मग खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. जेमाला वाटलं, बाई रडतायत. पण त्या हसत होत्या! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्या पाण्याने गालांवर दोन पांढऱ्या रेघा उमटल्या. "हेन्री," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आपल्या लग्नात तुझ्या वडिलांनी मांडव पेटवला होता, आठवतं? मला वाटायचं, असं घर दुसरं नसेल!"

मग पाव, चीज आणि लोणच्यातले कांदे यांवर जेवण झालं. खिडक्या सताड उघड्या, सगळे अंगात कोट घालून बसलेले. लग्नाचा महिनासुद्धा तिथेच ठरला. "आता मला कॉन्स्टन्स म्हण हं, मॉरीन," विहीणबाई म्हणाल्या.

क्लाइव्हला केवढा धीर आला! तो खुर्ची सरसावून बसला. "कॉन्स्टन्स, एक गंमत दाखवू का? खिडक्या उघड्या असताना टर्बो लावला ना, तर..."

"क्लाइव्ह," मॉरीन म्हणाली, "मागच्या अंगणातून जरा लाकडं घेऊन ये."

"पण शेकोटी तर आपण विझवली!"

"घेऊन ये."

तो उठला. लाकडं कुणालाच नको होती, एवढं त्यालाही कळत होतं. पण त्याने कोटाची बटणं लावली आणि मुकाट्याने अंगणात जाऊन, बरीच निवडून निवडून, लाकडं गोळा करत बसला.