मूळ स्थितीत, नित्य वापरासाठी

वाहन तपासणी कार्यालयातील वरिष्ठ तपासनिसांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी एक जुनी मोटार विकत घेतली, आणि तिथून पुढचं सगळं नियमानुसार झालं.

या तपासनिसांना कार्यालयात सगळे 'कलमसाहेब' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. पुढे त्यांना तो बहुमानच वाटायला लागला, तेव्हा तोंडावर म्हणू लागले. खिडकीत कुणी नुसता नमस्कार केला तरी "कोणत्या कलमाखाली?" असं ते विचारतील, अशी त्यांची ख्याती होती. खात्यातले निम्मे नियम त्यांच्या हातचे, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी पोटकलमं जोडलेली. तेवीस वर्षांत त्यांनी पास केल्या त्याहून जास्त गाड्या नापास केल्या होत्या. जुन्या गाड्यांवर तर त्यांचा खास राग. वय झालेल्या गाडीनं गुपचूप भंगारात जावं, उगाच लोकांच्या डोळ्यांत पाणी आणू नये, असं त्यांचं मत.

असा माणूस एका रविवारी निवृत्त चित्रकला मास्तरांच्या घरी गेला, तो लोखंडी कपाट बघायला. कपाट पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मास्तरांनी ते जरा बाजूला सरकवलं आणि मागे ती दिसली. दोन दारांची, गर्द हिरवी, गोल दिव्यांची, एक चाक बसलेलं. कलमसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी दार उघडून लावलं. आजकालच्या गाड्यांची दारं डब्याच्या झाकणासारखी लागतात. हे दार एखाद्या जबाबदार माणसानं हुंकार द्यावा तसं लागलं. कलमसाहेबांनी ते आणखी सहा वेळा लावलं.

"तुम्ही घ्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही नीट बघाल तिच्याकडे. तुम्हाला बघायची सवय आहे."

घरी बायकोनं दार उघडलं आणि टोचनाला लटकलेली मोटार बघितली.

"कपाट कुठंय?"

"कपाटाच्या मागे ही होती."

"म्हणजे साड्या आता हिच्यात ठेवू?"

पुढचं दीड वर्ष कलमसाहेब सुटीच्या दिवशी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये सापडत. मिस्त्री म्हातारा, कमी बोलणारा. जे काही बोलायचं ते इंजिनाशी बोलायचा. गाडीचा तळ इतका गंजलेला होता की आत बसून रस्ता दिसे. उंदरांनी वायरिंग सालपटासकट खाल्लं होतं. कलमसाहेबांनी बाह्या सरसावून कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवला, बारीक तारेनं त्याची भोकं साफ केली आणि त्याच हातांनी डबा खाल्ला. घरातला नळ अकरा महिने गळत होता. बायकोनं आठवण केली की ते म्हणत, "त्याच्याखाली बादली आहे ना?"

जुन्या मोटारींच्या हौशी मंडळाचे ते सभासदही झाले. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांनी भिंग लावून गाडी तपासली आणि मान हलवली. "रक्षापात्राचा स्क्रू चुकलाय. तुमच्या सालात सपाट खाचेचा होता. हा चौफुलीचा आहे." कलमसाहेबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. चार रविवार भंगार बाजार धुंडाळून त्यांनी सपाट खाचेचा स्क्रू मिळवला आणि तो रुमालात गुंडाळून घरी आणला. ते स्वतः सिगारेट ओढत नसत.

एकदा मिस्त्री पुढच्या काचेवरचा जुना थर पात्यानं खरवडत होता. खालून एक लाल कागद निघाला. 'रस्त्यास अयोग्य. कारण : आरशास तडा.' खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि सही.

"साहेब, ही सही तुमच्यासारखीच दिसते."

"माझ्यासारखी नाही. माझीच आहे."

मिस्त्रीनं पातं पुसलं. "म्हणजे आरसा बदलला असता तर मास्तर इतकी वर्षं फिरले असते हिच्यातून."

"तेव्हा निकषच तसे होते," कलमसाहेब म्हणाले. आवाज मात्र निकषासारखा निघाला नाही. कपाट सरकवणाऱ्या मास्तरांनी त्यांना ओळखलं होतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि त्या दिवशी मिस्त्रीला एकही सूचना केली नाही.

गाडी तयार झाली. मिस्त्रीनं चावी दिली आणि दीड वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "साहेब, उभी राहिली की मेली समजा, हिला रोज चालवा."

कलमसाहेबांनी ठरवलं, रोज हिच्यातूनच कार्यालयात जायचं. त्यासाठी योग्यता प्रमाणपत्र हवं, आणि ते त्यांच्याच कार्यालयातून मिळणार होतं. तपासनिसानं स्वतःच्या अर्जाच्या वेळी खिडकीच्या आत थांबू नये असा नियम होता, म्हणून ते रजा टाकून रांगेत उभे राहिले. पंखा आतल्या बाजूला होता. खिडकी इतकी खाली होती की कमरेत वाकल्याशिवाय आत बोलता येत नव्हतं. अर्जदार नम्र राहावा म्हणून ही उंची त्यांनीच ठरवली होती. कंबर धरून ते वाकले.

आत कनिष्ठ तपासनीसबाई होत्या. त्यांना कलमसाहेबांनीच घडवलं होतं.

"सर, प्रकार कोणता लिहू? हौशी, की नित्य वापर?"

"नित्य वापर."

"मग मागच्या सीटला पट्टे नाहीत. वरचा ब्रेक दिवा नाही. नापास, सर."

"आणि हौशी लिहिलं तर?"

"पास. पण वर्षातून बाराच दिवस रस्त्यावर आणता येईल."

कलमसाहेबांनी पट्टे आणि दिवा दोन्ही बसवायचं ठरवलं. नव्यानं घातलेल्या तळाला मिस्त्रीनं ड्रिल लावलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मंडळाला बातमी लागली. अध्यक्षांनी त्यांचं नाव यादीतून काढलं आणि वर शोकसंदेशासारखं पत्र पाठवलं. ते पुन्हा रजा टाकून रांगेत आले, वाकले.

"सर, आता मूळ रचनेत बदल झालाय," बाई म्हणाल्या. "कलम अकरा. उत्पादकाची लेखी संमती लागेल."

"अहो, ती कंपनी बंद होऊन एकतीस वर्षं झाली!"

"मग कंपनीचं तसं पत्र आणा."

"बंद पडलेल्या कंपनीनं आपण बंद आहोत असं पत्र द्यायचं?"

बाईंनी फाइल उलटून त्यांच्यापुढे धरली. "तुमचंच टिपण आहे, सर. 'कंपनी बंद असल्याची सबब तोंडी स्वीकारू नये.'"

आपल्या हातचं रोप इतकं वाढलेलं पाहून कलमसाहेबांना क्षणभर अभिमानच वाटला. पण अभिमानानं गाडी पास होत नाही. त्यांनी कंपनीच्या जुन्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकलं. ते 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. तो लिफाफा त्यांनी अर्जाला जोडला.

"हे पोस्टाचं म्हणणं झालं, सर. कंपनीचं नाही."

"मग मी करू काय?" तेवीस वर्षं हा प्रश्न त्यांनी आतून ऐकला होता. बाहेरून विचारताना तो किती बारीक आवाजात निघतो, हे त्यांना आज कळलं.

बाईंना त्यांची दया आली. त्यांनी विचार करून वाट काढली. गाडीचं तीन चतुर्थांश अंग नवं आहे, तेव्हा ती जुनी धरायचीच नाही; 'स्वनिर्मित नवे वाहन' म्हणून नोंदवायची. ना उत्पादक, ना संमती. कलमसाहेबांनी आनंदानं तिथल्या तिथे अर्ज भरला. आठवड्यानं उत्तर आलं. कलम ७ अन्वये नव्या प्रकारच्या प्रत्येक वाहनाची धडक चाचणी आवश्यक असल्याने एक नमुना गुरुवारी सकाळी दहा वाजता ताशी पन्नास वेगाने भिंतीवर आपटण्यात येईल. नमुना स्वच्छ धुऊन आणावा.

"बाई, नमुना एकच आहे."

"नियमात एकच मागितलाय, सर."

"आणि आपटल्यावर?"

"निकाल चांगला आला तर बाकीच्या सगळ्या गाड्यांना परवानगी."

घरी त्यांनी ते पत्र बायकोपुढे ठेवलं. तिनं वाचलं, चष्मा काढला. दीड वर्ष तिनं त्या गाडीला नावं ठेवली होती, पण या माणसाला शीळ घालताना तिनं लग्नानंतर प्रथमच याच दीड वर्षात ऐकलं होतं.

"मग अर्ज मागे घ्या."

"एकदा केलेला अर्ज मागे घेता येत नाही."

"असं कोणी लिहिलंय?"

कलमसाहेब उठले आणि नळाखालची बादली रिकामी करून आले.

बुधवारी ते कार्यालयात लवकर गेले. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. "सर, एक बोलू? सात आणि अकरा ही दोन्ही कलमं काढूनच टाकू या. मसुदा तुमचा असला की मोठे साहेब सही करतात. तुमची गाडी सुटेल, आणि सगळ्यांच्याच सुटतील. कपाटांमागे किती गाड्या पडून असतील, कोण जाणे."

कलमसाहेबांनी खिशातला लाल कागद चाचपला. पेन उघडलं. खरोखरच त्यांनी 'कलम ७ रद्द करण्यात येत आहे' एवढं लिहिलंही. मग ते थांबले. खिडकीबाहेर रांग लागायला सुरुवात झाली होती.

"सगळ्यांच्याच?" ते म्हणाले. "मग शिस्त काय राहिली?"

त्यांनी कागद फाडला आणि दुसरा घेतला. 'तपासणीच्या मानकांची अधिकाऱ्यांस प्रत्यक्ष अनुभूती राहावी, या हेतूने वरिष्ठ तपासनिसांचे एक वाहन (रंग : हिरवा) सर्व निकषांतून वगळण्यात येत आहे.' मोठ्या साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. बाईंनी प्रमाणपत्रावर शिक्का मारला. 

तेव्हापासून कलमसाहेब रोज हिरव्या गाडीतून येतात. चौकात लोक वळून बघतात, लहान मुलं हात हलवतात. आठवड्यातून एकदा गाडी बंद पडते आणि अनोळखी माणसं हसत हसत धक्का मारतात. एवढे आपुलकीचे हात त्यांच्या पाठीला उभ्या जन्मात लागले नव्हते.

परवा एक शिंपीणबाई सासऱ्यांची जुनी स्कूटर घेऊन आल्या. स्वतःच्या हातांनी सीट शिवलेली, आरशासारखी लख्ख. कलमसाहेब मुद्दाम बाहेर आले. त्यांनी हँडलवरून हात फिरवला, किक मारून इंजिनाचा आवाज ऐकला. डोळे भरून आले त्यांचे. "फार जिवापाड ठेवलीत हो," ते म्हणाले, आणि नापासचा शेरा लिहिला.

"आणि ती हिरवी?" शिंपीणबाईंनी आवाराकडे बोट दाखवलं.

"तो अपवाद आहे," कलमसाहेब मायेनं म्हणाले.

आता तुम्हाला त्यांचा राग आला असेल. यायलाच हवा. फक्त मागच्या खेपेला तुम्ही कुठल्याशा कचेरीत गेला होता तो दिवस आठवा. रांगेत तुमच्या पुढे सात जण होते. आतून कुणीतरी ओळखीचं हसलं, "या, या, तुमचं लगेच करून देतो" म्हणालं, आणि तुम्ही मागे न बघता पुढे गेलात. घरी येऊन काय म्हणालात?

"काहीही म्हणा, माणसं चांगली आहेत हो तिथली."