परबकाकींचा गुडघे बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमधल्या परबकाकी दुसऱ्यांचे गुडघे बघायला जायच्या. मुलगी बघायला जातात ना, तशा. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं कानावर आलं, की ठेवणीतली साडी नेसून, नारळ घेऊन हजर. चहा येईपर्यंत कसाबसा दम धरायच्या. मग हुकूम सुटायचा, "जरा चलान दाखय बघूया."

ती बाई बिचारी हॉलभर फिरून दाखवायची. काकी टाक्यांची खूण बघायच्या आणि शेवटी विचारायच्या, "जमनीर बसूक येता?" नाही म्हटलं की स्थळ नापसंत. "चाल बरी आसा, पण आमच्यात जमाचा नाय." मी सोबत असायचेच, कारण जिना उतरताना त्यांना माझा खांदा लागायचा. भार असा टाकायच्या, की पुढचं ऑपरेशन माझंच. घरी आल्या की परबकाकांना प्रत्येकीची चाल नकलेसकट सांगायच्या.

काकींच्या स्वतःच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, इंजेक्शनं पुरे झाली, सांधा बदला. पण मग जमिनीवर मांडी घालून बसणं बंद. हे ऐकलं आणि काकी तिथेच उठून चपला घालायला लागल्या.

मी वैतागले. "काकी, मासे ओट्यावर कापा ना सुरीने. खाली बसायच्या त्या विळीपायी पाय घालवणार का?"

त्या माझा खांदा न धरताच दाराकडे निघाल्या. मला ते जरा विशेषच वाटलं.

मग एकदा सकाळी त्यांचं दार उघडं दिसलं, म्हणून आत डोकावले. अर्धांगाचा झटका आल्यापासून काका जमिनीवरच्या गादीवरच असायचे. बोलणं जवळजवळ गेलेलं, आणि खाटेवर ठेवलं की पडायच्या भीतीने रडायचे. काकी एका हातात पेजेची वाटी घेऊन, दुसऱ्या हाताने चौकट धरून, दात आवळून त्यांच्याजवळ खाली बसत होत्या.

"दुसऱ्याच्या हातान ते जेवनत नाय," त्या म्हणाल्या.

मला रडूच आलं. "अहो, पण उद्या तुम्हीच आडव्या झालात तर?"

त्याच आठवड्यात काकींनी बुटकी खाट आणवली, भिंतीला लावली. काकांना वर निजवलं आणि म्हणाल्या, "माझ्यान आता खाली येवक जमाचा नाय. तुमी वर येवा." काका रडले. त्याही रडल्या, पण त्यांना खाली काही घेतलं नाही. स्टुलावर बसून त्यांच्या छातीवर हात ठेवून राहायच्या. ज्या दिवशी काकांनी खाटेवर अख्खी वाटी पेज संपवली, त्या दिवशी काकींनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. "तारीख द्या."

त्या हॉस्पिटलात असताना भरवायचं काम माझ्याकडे. मी चमचा धरायचे, काका दाराकडे बघत बसायचे. फारच भूक लागली की मुकाट्याने खायचे.

मग काकी घरी आल्या. वॉकर धरून दारात उभ्या राहिल्या, मागे आम्ही सगळे हळू, हळू म्हणत. काकांनी मान वळवली. बराच वेळ नुसते ओठ हलवले, आणि मग अडखळत म्हणाले, "चलान... दाखय."

काकी चक्क लाजल्या. पदर सावरला, दारापासून खाटेपर्यंत चालत गेल्या, आणि खाटेच्या कडेला त्यांच्याजवळ बसल्या.