काशीराम मास्तरांची मुंबई

रत्नागिरीचे काशीराम मास्तर मुंबईवर कादंबरी लिहीत होते. मुंबई त्यांनी पाहिली नव्हती. बोट लागते म्हणून बंदरापलीकडे ते कधी गेलेच नव्हते. त्यामुळे त्या शहराविषयी त्यांचे मन पूर्णपणे पूर्वग्रहरहित होते.

साल १९३१. दर शनिवारी साप्ताहिकात एक प्रकरण येई आणि देवळात मोठ्याने वाचले जाई. मास्तरांच्या मुंबईत विजेचा दिवा लागला की पुरुषाची नीती विझे. गिरणीत गेलेला कोकणी माणूस तिसऱ्या प्रकरणात दारूला, पाचव्यात जुगाराला आणि सातव्यात चंपा नावाच्या बाईला लागला.

शिमग्याला शेजारचा विठू गिरणीतून रजेवर आला. बायकोने, मालनने, त्याला उंबऱ्यावरच अडवले.

"चंपा कोण?"

"कोण चंपा? आम्ही अकरा जण एका खोलीत राहतो. तिथं तिला उभं राहायला तरी जागा आहे काय गो?"

"मग मास्तरांनी छापलंय ते खोटं?"

प्रकरण वाडीच्या पंचांकडे गेले. त्यांनी मास्तरांना जाणकार साक्षीदार म्हणून बोलावले. कोपऱ्यात मालन डोळ्यांना पदर लावून बसली होती. तिला पाहून मास्तरांनी खरे ते सांगून टाकले.

"मी मुंबई पाहिलेलीच नाही," ते म्हणाले. "चंपा माझ्या मनची."

पंच समजूतदारपणे हसले. "मास्तर, शेजारधर्म म्हणून पांघरूण घालताय. पण पुस्तकात तुम्ही खोटं लिहिणार नाही."

निकाल झाला: चंपेला सोडल्याचा कागद विठूने चंपेच्या अंगठ्यानिशी हजर करावा, तोवर मालनने माहेरी राहावे.

मास्तरांना अन्न गोड लागेना. सुट्टी लागताच ते बोटीत ओकत ओकत विठूच्या खोलीवर पोचले आणि आठ दिवस राहिले. माणसे पाळीपाळीने झोपत. एकाला घरचे पत्र आले की अकराही जण ते आपलेच समजून ऐकत. परतून मास्तरांनी सगळे जसेच्या तसे लिहिले.

वाचकांनी कळवले, लेखकाला मुंबईची माहिती दिसत नाही. पंच म्हणाले, हे विठूने लिहवून घेतले. संपादकांनी विचारले, चंपा कुठे गेली?

मालन माहेरीच होती. तेव्हा मास्तरांनी मन घट्ट केले आणि पुढच्या शनिवारी चंपेला ट्रामखाली घातले.

देवळात बायाबापड्या हमसून रडल्या. पंचांनी अंकाचे कात्रण पुरावा म्हणून जोडून घेतले, मालनला घरी आणले आणि विठूला दहा दिवस सुतक पाळण्याविषयी कळवले. बायको परत मिळतेय म्हणून त्याने ते पाळलेही.

"बिचारी मनानं वाईट नव्हती," मालन चुलीपाशी म्हणाली.

अकरा माणसांचे ते प्रकरण आज कोणाच्याही लक्षात नाही. तुम्ही तरी त्या बाकीच्या दहांपैकी एकाचे नाव विचारलेत? चंपा दिसायला कशी होती, हे मात्र मनात येऊन गेले असेल.