सोनतळ्याच्या नागाचं डोकं

गोव्यातल्या लाटंबार्शात रघुनाथ गांवसाइतकी पुस्तकं कोणी वाचलेली नव्हती, असं खुद्द रघुनाथ गांवस सांगत असे, आणि गावात ते खोडून काढायला कोणी जात नसे. खाणीवर ट्रकांचं वजन करणाऱ्या काट्याच्या केबिनमध्ये तो कारकून होता. सकाळच्या बसमध्ये त्याच्या काखेत कायम एक जाडजूड ग्रंथ असे. बस डिचोलीच्या दिशेने डुलायला लागली की तो ग्रंथ उघडी, पहिली ओळ वाची आणि खिडकीबाहेर बघत बसे. 'फार वर्षांपूर्वी एका डोंगरापलीकडे' एवढं वाचलं तरी त्याला तो डोंगर दिसायचा, डोंगरामागचं धुकं दिसायचं, धुक्यातून कुठूनतरी घंटा ऐकू यायची. मग दुसऱ्या ओळीची गरजच राहत नसे. तो त्या धुक्यात शिरायचा तो थेट खाणीच्या गेटवर बाहेर पडायचा.

थोडक्यात, रघुनाथने आयुष्यात एकही कादंबरी पुरी केलेली नव्हती. मात्र कादंबरीवर सिनेमा निघाला, की साखळीच्या थेटरात जाऊन तो न चुकता बघून येई. सिनेमा म्हणजे तरी काय, पुस्तकच, फक्त पानं आपोआप उलटतात, अशी त्याने मनाची समजूत घातली होती आणि या समजुतीवर त्याचं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. राजभाषेचा वाद पेटला तेव्हा मराठीची थोरवी सांगताना त्याने नाक्यावर उभं राहून अकरा कादंबऱ्यांचे दाखले दिले. अकराही पडद्यावरचे होते. समोरच्या कोकणीवाल्यांनीसुद्धा माना डोलावल्या, कारण त्यांनीही तेच सिनेमे पाहिले होते.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून पाच वर्षं झाली, त्याच साली गावच्या वाचनालयाला पंचवीस वर्षं पुरी झाली. ग्रंथपाल सगुण हा रघुनाथचा बालमित्र. पुस्तकांवर पोटच्या पोरांसारखी माया करायचा आणि ती वेळेवर घरी परतली नाहीत तर तसाच कासावीस व्हायचा. त्याच्या कानावर आलं, की टीव्हीवर रविवारी दुपारी 'सोनतळ्याची वाट' हा सिनेमा लागणार आहे. त्या नावाची तीन खंडांची जुनी अद्भुत कादंबरी वाचनालयात होती. दुष्काळाने करपलेल्या राज्याचा राजपुत्र मेघसेन पाणी शोधत सोनतळ्यापर्यंत पोचतो, आणि तिथे हजार वर्षांचा नाग पहाऱ्याला बसलेला असतो, अशी ती गोष्ट.

"पोरां आधी शिनेमा बघतली, मगे पुस्तक वाचूक धावतली," सगुण म्हणाला. "हायस्कुलातल्या मुलांची निबंधाची स्पर्धा लावूया. तपासणारो मात्र तिनी खंड वाचलेलो होयो." त्याने वही उघडली. पंचवीस वर्षांत तिन्ही खंड घरी नेणारा एकच वाचक त्यात सापडला, रघुनाथ. तिसरा खंड तर चौदा महिने झाले तरी त्याच्याकडेच होता. दुपारी ओट्यावर आडवं होताना उशाला तो अगदी बेतशीर उंचीचा पडत होता, हे अर्थात वहीत लिहिलेलं नव्हतं.

"आणि कोण तपासतलो?" रघुनाथ छाती काढून म्हणाला. "मेघसेन माका तोंडपाठ आसा."

निबंध आले एकेचाळीस. रघुनाथ लाल पेन घेऊन ओट्यावर बसला. आत त्याची बायको पद्मावती नाचण्याचं पीठ चाळत होती. पहिल्या निबंधात मेघसेनाने तलवार उपसून नागाचं डोकं उडवलं. दुसऱ्यातही उडवलं. चाळीस निबंधांत चाळीस वेळा ते डोकं उडालं, आणि दर वेळी रघुनाथच्या डोळ्यांसमोर पडदा उजळून निघाला, नगारे वाजले, राजकन्या नाचत आली. त्याने भरभरून गुण दिले.

एकेचाळिसावा निबंध श्रद्धाचा होता. श्रद्धा आठवीतली, खाणीकडच्या कामगारांच्या खोल्यांत राहणारी, फारसं न बोलणारी मुलगी. तिने लिहिलं होतं: 'मेघसेनाने तलवार काठावर ठेवली. राखणदाराला कोणी मारत नाही. त्याने आपल्याकडचा रोट नागापुढे ठेवला आणि विचारले, पाणी नेऊ का? नाग म्हणाला, ने. पण मी हजार वर्षे झोपलो नाही. एक दिवस माझ्या जागी तू पहारा दे. मग नाग झोपला आणि मेघसेन पहारा देत बसला.'

रघुनाथने पान उलटून बघितलं. मागेही डोकं उडालेलं नव्हतं. चाळीस मुलांनी इमानेइतबारे नाग मारला आणि या पोरीने त्याला चक्क झोपवला, याचा त्याला राग आला. गावच्या सीमेवरच्या राखणदार देवाला आपल्याकडे जाड भाकरीचा रोट ठेवतात हे ठीक, पण म्हणून कादंबरीत घुसवायचा? त्याने लाल पेनाने ठसठशीत शेरा मारला: 'मूळ कादंबरीत असे काहीही नाही. विद्यार्थिनीने पुस्तक उघडूनही पाहिलेले नाही. शून्य.'

"खरांच नाय असा?" पद्मावतीने आतून विचारलं. तिला तो निबंध त्याने मोठ्याने वाचून दाखवला होता.

"तीन खंड वाचलेल्या माणसाक विचारतंस?" रघुनाथ म्हणाला.

सगुणने सगळे निबंध शेऱ्यांसकट वाचनालयाच्या फळ्यावर लावले आणि वर रघुनाथला सांगितलं, की बक्षीस समारंभात नागवधाचा उतारा तुलाच वाचून दाखवायचा आहे, तिसऱ्या खंडातून.

रघुनाथने उशाचा खंड काढला, झटकला आणि शेवटापासून मागे चाळायला लागला. शेवटच्या पानावर नाग जिवंत होता. त्याआधीच्या वीस पानांतही जिवंत. बांधणी करणाऱ्याने मधली पानं गाळली असणार, असं म्हणून त्याने पानांचे आकडे मोजले. एकही पान गळालेलं नव्हतं. मग डोकं दुसऱ्या खंडातच उडालं असेल म्हणून तो दुसरा घेऊन बसला. तिथे तर मेघसेन अजून तळ्यापर्यंत पोचलाच नव्हता, वाटेतल्या एका आंधळ्या कुंभाराकडे मडकी भाजत बसला होता. हा कुंभार कोण? सिनेमात कुंभार नव्हताच. रघुनाथ चडफडत पहिल्या खंडाकडे वळला आणि नागाचं डोकं शोधता शोधता, स्वतःच्याही नकळत, वाचायला लागला.

पहिली ओळ झाली. धुकं आलं. पण या खेपेला धुक्यात दुसरी ओळ उभी होती, तिच्यामागे तिसरी. एवढी वर्षं तो ज्या दारातून आत डोकावून परत फिरत होता, त्याच्या आत माणसं राहत होती. कुंभाराचं चाक फिरत होतं. कोरड्या नदीत मुलं होड्या घेऊन पावसाची वाट बघत बसली होती. रघुनाथ बसमध्ये वाचायचा, काट्यावर वाचायचा, पेज गार होईपर्यंत वाचायचा. आजूबाजूचा लाल धुरळासुद्धा त्याला सोनतळ्याच्या वाटेवरचाच वाटायला लागला.

खाणीवर याचे परिणाम झाले. एका सकाळी मेघसेन पहिल्यांदा तळं बघतो ते पान चालू असताना केबिनबाहेर भोंगा वाजला. रघुनाथने मान वर न करता वजनाची पावती लिहिली, नऊ टन, आणि खिडकीतून बाहेर दिली. ती पाव विकायला आलेल्या पदेराच्या हातात पडली. पदेर सायकलवर टांग टाकून पावतीसकट गेला आणि दिवसभर घरोघरी ती दाखवत फिरला. खऱ्या ट्रकांची रांग मात्र हमरस्त्यापर्यंत गेली. साहेबाने विचारलं, काय चाललंय? "थांबा, नाग जागा झालाय," रघुनाथ म्हणाला. साहेबाने त्याला तीन दिवस घरी विश्रांती घ्यायला पाठवलं. पद्मावतीने ते ऐकून देवळात गाऱ्हाणं घातलं, की माझ्या घोवाला बाहेरचं काही लागलं असेल तर उतरव.

तिसऱ्या दिवशी दुपारी रघुनाथ शेवटापाशी पोचला. मेघसेनाने तलवार काठावर ठेवली. आपली शेवटची भाकरी नागापुढे केली. पाण्याला हात लावण्याआधी त्याने विचारलं, नेऊ का? आणि नाग म्हणाला, ने. पण माझे डोळे हजार वर्षं मिटलेले नाहीत. एक दिवस तू बस. मेघसेन बसला. नागाने त्याच्या मांडीवर डोकं टेकवलं, आणि दूर त्या कोरड्या नदीतल्या होड्या हळूच हलल्या.

रघुनाथला रडू आलं. सुखाने आलं. मग त्याला लाल पेन आठवलं आणि सुख कुठच्या कुठे गेलं.

नेमकी त्याच वेळी दारात श्रद्धाची आई गंगा उभी राहिली. दोडामार्गाकडची, खाणीच्या बागेत कामाला जाणारी बाई. हातात वही होती. "पद्माक्का, ही तुमच्या चुलीक घेवा," ती म्हणाली. "आमचा चेडू आता लिवचा नाय म्हणता. शून्य गावला म्हणून नाय गो. फळ्यार सगळ्यांनी वाचला, तिका लाज वाटता." रघुनाथ पुस्तक तोंडापुढे धरून बसून राहिला. गंगा गेल्यावर पद्मावतीने वही चुलीपाशी नेली नाही. ती आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"त्या पोरीन पुस्तक वाचलेला," रघुनाथ म्हणाला. "खंयसून गावला कोण जाणे, पण सगळ्या गावात तिनाच वाचलेला. मी नाय."

"मगे सांगा तसा," पद्मावती म्हणाली.

सांगणं सोपं नव्हतं. पंचवीस वर्षं काखेत बाळगलेलं नाव एका वाक्यात जाणार होतं. नाक्यावर काय तोंड दाखवणार? कोकणीवाले ते अकरा दाखले परत मागतील. दोन दिवस त्याने आजारी पडता येतं का बघितलं. पण एकदा खोटा ताप आला म्हणून थर्मामीटर लावला, तो पद्मावतीने काढून सरळ पेटीत ठेवला. गप्प राहिलो तर ती पोर पुन्हा पेन धरणार नाही, हे त्याला उघड दिसत होतं.

समारंभ शाळेच्या सभागृहात, रविवारी सकाळी. रघुनाथ उतारा वाचायला उठला आणि पुस्तक न उघडता बोलायला लागला. "मंडळी, सोनतळ्याच्या नागाचं डोकं उडत नाही," तो म्हणाला. "ते सिनेमात उडतं. मी सिनेमा सात वेळा पाहिला होता. पुस्तक पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, कुठलंच पाहिलं नव्हतं. चाळीस मुलांनी माझ्यासारखंच केलं, त्यांना मी पास केलं. एका मुलीने पुस्तक वाचलं, तिला मी शून्य दिलं. श्रद्धा, माझं चुकलं. पहिलं बक्षीस तुझं."

पुढच्या रांगेत कुजबुज झाली. मग कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. सगुणचे डोळे भरून आले, कारण गावात एका तरी पोराने तीन खंड वाचले होते. त्याने कोऱ्या तीन खंडांचं बक्षीस श्रद्धाच्या हातात दिलं आणि ध्वनिक्षेपक तिच्यापुढे केला. "सांग बाळा, तू हे पुस्तक कधी वाचलंस?"

श्रद्धाने आधी आईकडे बघितलं, मग रघुनाथकडे.

"नाय वाचूक," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी शिनेमाच बघी होतंय. मेघसेन तळ्यार पोचलो आणि आमच्या खोल्यांकडची लायट गेली. ती रातीक इली. मगे पुढचा मी मनान लिवलंय." तिने ओठ चावला. "माझो बाबा खाणीर रखवालदार आसा. तो रोज म्हणता, कोणी एक दिस माझ्या जाग्यार बसात तर मी पोटभर निजान. नागाक पण तसाच वाटत असतला."

मागच्या बाकावर तिचा बाबा विठ्ठल रात्रपाळी संपवून थेट आला होता. तो भिंतीला टेकून गाढ झोपला होता.

सगुणने ध्वनिक्षेपक बाजूला घेतला. "म्हणजे ह्या गावात ता पुस्तक कोणीच वाचूक नाय?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी वाचलंय," रघुनाथ म्हणाला. "तिनी खंड. शेवटापर्यंत."

सगळं सभागृह खो खो हसलं. पहिल्या रांगेतला पदेर तर खिशातून पावती काढून नाचवायला लागला. पुस्तक वाचल्याचं रघुनाथने जन्मात पहिल्यांदा खरं सांगितलं होतं, आणि ते खरं मानायला पद्मावतीखेरीज एक माणूस तयार नव्हता. त्याला वाईट वाटलं. पण फार नाही, कारण श्रद्धा ते तीन खंड छातीशी धरून त्याच्यासमोर उभी होती आणि तिला काहीतरी विचारायचं होतं.

"काका, शिनेमात शेवटाक काय झाला? नाग निजलो मा?"

रघुनाथने तोंड उघडलं. नगारे, तलवार, उडालेलं डोकं, सगळं त्याच्या जिभेवर होतं. मग त्याने ते गिळलं.

"माका काय ठावक गो," तो म्हणाला. "नेमकी तेव्हाच थेटरातली पण लायट गेली."

सगुणने वळून बघितलं. "सातव्या खेपेक पण?"

"सातव्या खेपेक पण," रघुनाथ म्हणाला.