दारातल्या चपला नामे ब्लॉग सुप्रियाबाईंनी कैसा स्थापिला, त्याची हकीकत

श्री. वाचणारांचे सेवेसी हात जोडोन अर्ज ऐसा जे, राज्ये कैसी स्थापन जाली हे थोरांनी लिहोन ठेविले, परंतु ब्लॉग कैसा स्थापन होतो आणि स्थापणाराने आधी काय काय मनात आणावे, हे कोणी लिहिले नाही. आणि लोक हाती फोन येताच उडी घालितात, मग घरचे लोक जेवताना बोलेनासे होतात, तेव्हा पस्तावतात. सबब चाकण प्रांतीची ही हकीकत, जैसी जाली तैसी, मीठ किंचित अधिक घालोन, सादर केली असे. चहा ओतोन घ्यावा आणि बसावे.

चाकणाजवळ, कंपन्यांचे पत्रे जेथे संपतात आणि कांदाचाळी सुरू होतात, तेथे राजमान्य राजेश्री तात्याबा यांचे घर. तात्याबा कांदाबाजारातील जुने मुरब्बी. कांदा बोटांनी दाबिता आत काय आहे ते सांगत. त्यांचे चिरंजीव गोरक्षराव, गिअरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी खात्याचे अंमलदार. आणि गोरक्षरावांचे कुटुंब, वज्रचूडेमंडित सुप्रियाबाई, दुसऱ्या कंपनीत पॅकिंगवर. शिक्षण बारावी, चाळिशी ओलांडलेली, आणि लिहिण्याची खाज उपजत.

ही खाज बाई कंपनीच्या बसमधील बायकांच्या ग्रुपवर भागवीत. साधा निरोप द्यावयाचा की आज बस उशिरा येईल, तर बाई त्यात ड्रायव्हरचा स्वभाव, रस्त्याचे खड्डे आणि खड्ड्यांचा स्वभाव, ऐसे सर्व घालीत. मग एके दिवशी शेजारच्या सीटवरील सुमनताईंनी भर बसमध्ये फर्मान सोडिले की, "अगं सुप्रिया, वाचून वाचून अंगठा दुखायला लागला माझा. एवढं लिहितीस तर ब्लॉग काढ की बाई, म्हणजे ज्याला वाचायचं तो वाचील आणि आम्ही सुटू!"

बस हसली. परंतु बोल जिव्हारी लागला आणि तेथेच गोडही लागला. कारण बाईंचे नाव गॅसच्या पुस्तकावर होते आणि कंपनीच्या गळ्यातल्या पट्ट्यावर होते. परंतु आपण काही लिहावे आणि त्याचे खाली आपले नाव असावे, हे आजवर जाले नव्हते. ते एकवार व्हावे, आणि घरात कोणाचे तोंड वाकडे न व्हावे, इतकाच मनसुबा.

मग घरी खलबत भरले. प्रथम विषय काय, यावर गोरक्षरावांनी तजवीज सुचविली की पाककृती लिही, चालतात. बाईंनी उत्तर केले की, दिवसातून दोन वेळा करिते ते पुरे आहे, तेच पुन्हा लिहो कशाला. मग नावावर मसलत जाली. तात्याबांनी आपल्या वडिलांचे नाव सुचविले, गोरक्षरावांच्या मातुश्री पुतळाबाईंनी देवीचे सुचविले, आणि देवी की सासरे यावर उभयतांत तोफा धडाडल्या, आणि मग त्या धुरात बाईंनी हळूच "दारातल्या चपला" हे नाव फोनमध्ये नोंदोन टाकिले. आपला फोटो लावावा की न लावावा, तर जाऊबाईंच्या लग्नातला निघाला, त्यात बाई जांभई देत होत्या, सबब न लावावा. परक्यांनी खाली शेरे लिहावे की दार बंद ठेवावे, तर उघडे ठेवावे, परंतु येणारास आधी पाहोन मग आत घ्यावे, ऐसे ठरले.

इतके जाल्यावर बाईंनी पहिला मजकूर लिहिला. विषय, मागल्या रविवारी घरी पाहुणे जेवावयास आले ती गोष्ट. लिहिता लिहिता बाई एकट्याच हसत होत्या. मजकूर तयार जाला आणि बाईंनी बटणावर बोट नेले, तोच गोरक्षराव आडवे आले. त्यांचे म्हणणे, आमचे कारखान्यात पहिला नग तपासोन पास जाल्यावाचोन लाइन चालू होत नाही, मग घरात कैसी होईल? ज्याचे ज्याचे नाव आत आहे त्याने त्याने पास करावे. बाईंस ते रास्त वाटले. येथेच चूक जाली.

तात्याबांनी ऐकिले. त्यात लिहिले होते की, तात्याबांनी पाहुण्यांचा हात हाती घेतला आणि बोलता बोलता कांदा दाबावा तैसा दाबोन पाहिला. तात्याबा खफा जाले. "बाजारात नाव हाय माझं. नगं." वाक्य गेले.

पुतळाबाईंनी ऐकिले. त्यात लिहिले होते की, मातुश्रींनी श्रीखंड घरी केले म्हणोन सांगितले, आणि डेअरीचा रिकामा डबा ओट्यावरून सर्वांकडे पाहत होता. हुकूम जाला, "नगं गं बाई, चारचौघांत!" वाक्य गेले.

खुद्द गोरक्षराव नाइट शिफ्ट करोन पंगतीस बसले, घास हाती धरोन निद्रिस्त जाले, आणि कुकरची शिट्टी होताच कंपनीचा भोंगा समजोन बूट घालावयास पळाले, हेही होते. "आमचा सुपरवायझर वाचील. काढ." तेही गेले. आणि नणंदबाई पिंकीताई यांचे एक वाक्य होते, त्या म्हणाल्या नको, ते गेले.

मग जे उरले ते ऐसे: "रविवारी पाहुणे आले. जेवले. गेले."

गोरक्षरावांनी शेरा मारिला, नग पास. बाईंनी जड बोटाने ते प्रकाशित केले. खाली आपले नाव आले, परंतु ते पाहोन बाईंस ऐसे जाले, जैसे रिकाम्या खोक्यास टेप लावोन रवाना केले.

आणि मग नवल वर्तले. घरचे लोक खूश व्हावे, तर सर्वांची मर्जी फिरली. तात्याबा जेवताना भिंतीस बोलिले, "पाहुनं आलं, जेवलं, गेलं. मग म्या काय तिथं खांब व्हतो?" गोरक्षराव भाकरी मोडीत म्हणाले, तसं पाहिलं तर सुपरवायझर मराठी कुठे वाचतो. आणि पुतळाबाईंनी पातेले आपटले.

बाईंनी अर्ज केला, "आत्या, तुम्हीच तर नको म्हणालात."

"व्हय, म्हनले! मानूस नगंच म्हनतंय पहिल्यांदा. म्हनून वाढपी लगेच म्होरं जातो व्हय गं? पंगतीत कदी वाढलंस का न्हाईस?"

तेव्हा बाईंचे डोक्यात उजेड पडला. कारखान्यात रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट, लाल क्रेटमध्ये गेला की विषय संपला. परंतु घर म्हणजे पंगत. तेथे ताटावर आडवा हात ही सुरुवात असते. पहिले नको हे रीतीचे, दुसरे लाजेचे, आणि तिसऱ्यास हात आपोआप बाजूस होतो, आणि मग म्हणतात, बरं, एवढासा.

मग बाईंनी पदर खोवोन आग्रहाची मोहीम काढिली. तात्याबांस ओसरीवर गाठोन पुन्हा विचारिले. पुन्हा नको. तिसऱ्यांदा चहा पुढे ठेवोन विचारिले, तर तह जाला की, हात दाबिला हे लिहावे, परंतु पाहुणा आतून चांगला निघाला हेही लिहावे. गोरक्षरावांची अट की, भोंगा राहो दे, पण बूट उलटे घातले ते काढ. आणि पुतळाबाईंनी हात बाजूस केला तो इतका की, डबा तर राहिलाच, वर आपले माहेर, आपली ठुशी आणि श्रीखंडात वेलदोडा आपण स्वहस्ते टाकिला, हे कलम नवे घातले.

राहिल्या पिंकीताई. त्यांचे वाक्य सबंध मजकुरातले सर्वांत चोख. बाईंस ते आठवोन बसमध्येही हसू फुटे. बाईंनी विचारिले. नको. बाईंनी हसत हसत पुन्हा विचारिले. पिंकीताई कपडे वाळत घालीत होत्या, त्या थांबल्या आणि सावकाश म्हणाल्या, "वहिनी, खरंच नको."

आवाजात लाज नव्हती, रीत नव्हती. हे ताटावर आडवा हात धरणे नव्हे. हे ताट उचलोन पानावरून उठणे होते. आणि वाढता वाढता जिचा जन्म गेला तीस हे न कळेल तर कोणास कळावे? बाई तिसऱ्यांदा विचारावयास गेल्याच नाहीत. ओल्या चादरीचे दुसरे टोक धरिले, ती दोघींनी मिळोन पिळली, आणि घरात येवोन, आशेने मजकुरात परत घातलेले ते वाक्य खोडोन, आपला सर्वांत बळकट बुरूज दस्तुरखुद्द जमीनदोस्त केला. ते वाक्य काय होते हे बखरकारास ठाऊक आहे. येथेही लिहीत नाही.

मग मजकूर नव्याने रवाना जाला, आणि वाचणारांची संख्या दाखविणारा आकडा चढो लागला. बाई पाहत आणि तो चढे. बाईंस वाटले, पिंपरी पडली, चिंचवड पडले, आता रावेतही शरण येते. बातमी देण्याकरिता स्वयंपाकघरात गेल्या, तो पुतळाबाई चष्मा नाकावर ओढोन, ओट्याशी उभ्या, आपल्या फोनवर बोट ठेवोन एकेक अक्षर लावीत होत्या. मजकूर संपला की ब्लॉग बंद करीत, पुन्हा उघडीत आणि पहिल्यापासून धरीत.

बाई म्हणाल्या, "आत्या, तुमचं नाव तर मधेच येतं. शेवटापर्यंत कशाला वाचताय?"

पुतळाबाई फोनमधून मान न काढिता बोलिल्या, "अगं, खाली तुजं येतंय न्हवं."

येणेप्रमाणे ब्लॉगाची स्थापना निर्विघ्न जाली, नाव कायम जाले, आणि घरात तोंड कोणाचे वाकडे राहिले नाही. रयत तूर्त एक, परंतु निष्ठावंत. जखमी, श्रीखंडाची अब्रू. मोहिमेत कामी आले, एक वाक्य. ते फार उत्तम होते.