वाइनला श्वास घेऊ द्या

पाहुणचार कसा करायचा, हे भिवंडी तालुक्यात कुणी माझ्याकडून शिकावं! निदान त्या रविवारपर्यंत माझं असंच मत होतं.

आमच्या मुलीनं, पूर्वीनं, तिच्या ऑफिसातला मुलगा पसंत केला होता. त्याचे वडील बोरस्ते, दिंडोरीकडचे, वाइनच्या द्राक्षांचे बागायतदार. ते वहिनींना घेऊन पहिल्यांदाच राहनाळला आमच्याकडे बोलणी करायला येणार होते. म्हणून मी ठाण्याहून डिकँटर आणला. डिकँटर म्हणजे वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं. दुकानात एक हंसाच्या मानेचा होता, एक बैलाच्या शिंगासारखा. दुकानदार म्हणाला, "साहेब, रुंद बुडाचा घ्या. वाइनला हवा चांगली लागते."

घरी आणला, तर बायकोनं, विनितानं, त्यात मनीप्लांट लावायला घेतला!

"अगं, ह्यात वाइन तासभर श्वास घेते!"

"मग बाटलीत काय नाक दाबून बसलेली असते?"

रविवारी अकरा वाजता मी अख्खी बाटली डिकँटरमध्ये ओतली आणि ओट्यावर ठेवली. तेवढ्यात पाहुण्यांचा पडघ्याहून फोन आला. मी रस्ता दाखवायला हायवेवर गेलो.

पाहुणे आले, बसले. मी ऐटीत ग्लास भरले. "आधी फिरवा, मग वास घ्या!"

बोरस्त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"भूपेशराव, ह्यात जिरं आहे."

"वा! जाणकार आहात! चांगल्या वाइनमध्ये असे स्वाद लपलेले असतात."

"लपलेलं नाही हो, दातात अडकलंय!"

एवढ्यात आतून माझी आई हौसाबाई पदराला हात पुसत आली. "अरं भूपेश, मीठ बरोबर हाय ना? तुजा कोकम लय तुरट निघाला. साखर टाकली, जिरा टाकला, तांब्याभर पानी टाकला. आन् उगडा कशाला ठेवलास? माश्या बसतील ना!"

पूर्वीचा चेहरा पांढराफटक! स्थळ आलं तसं दिंडोरीला परत चाललेलं मला स्पष्ट दिसलं. विनिता माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे.

बोरस्त्यांनी ग्लास उचलला, घटाघट संपवला आणि आईपुढे धरला. "आजी, अजून आहे?"

"हाय ना! हा काय!"

"वीस वर्षं द्राक्षं पिकवतोय मी. कंपनीवाले दरवर्षी वाइन चाखायला देतात, मी दरवर्षी 'वा वा' म्हणतो. सुखानं घशाखाली उतरली ती आज पहिल्यांदा!"

जेवणं व्हायच्या आत लग्न ठरलं. बोरस्तेवहिनींनी आईकडून जिऱ्यामिठाचं प्रमाण मोबाइलवर लिहून घेतलं. मी वाइनच्या तापमानाबद्दल दोन शब्द सांगायला तोंड उघडलं, तर विनिता म्हणाली, "तुम्ही जरा पापड तळता का?"

तळले. काय करणार!