नाव घातलं का?

बारशाला आलेली माणसं बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतात. आमच्या शेजारच्या शकूकाकू पाळण्यावर वाकून एकच विचारतात, "नाव घातलं का?"

काकू इथल्याच, म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवतात. कामगार विम्याच्या कार्डात नाव चढेपर्यंत पोर जन्मलं हेच त्यांना मान्य नसतं. मी साताऱ्याहून इथल्या कारखान्यात कारकुनीला आलेला, म्हणजे शुद्ध मराठीचा ठेकेदार. माझ्या मुलीच्या बारशात मी चारचौघांत त्यांची चूक काढली, "काकू, नाव ठेवतात. घालतात ती चोळी."

"ठेव की," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात पाळणा दाखवणार काय? कार्डात घाल, बेग!"

'बेग' म्हणजे लवकर. ते मला कोणत्याच भाषेत जमत नाही. रोज कुंपणावरून काकू ओरडत, "आयतु? झालं का?" मी पेपरात तोंड खुपसून बसे.

मग डॉक्टरांना मुलीच्या छातीत कसलासा आवाज ऐकू आला. मोठ्या दवाखान्यात हृदय तपासायचं, उपचार लागले तर खर्च माझ्या ऐपतीबाहेरचा, आणि विम्याच्या कार्डात मुलीचं नावच नाही. माझी पाचावर धारण बसली. काकूंनी रजा टाकली आणि मला जवळजवळ कानाला धरून विमा कार्यालयात नेलं. बायकोची ड्यूटी होती, म्हणून पोर माझ्या खांद्यावर.

साहेबांनी मुलीचं नाव विचारलं. कितीतरी पुस्तकं धुंडाळून 'मैत्रेयी' शोधणारा मी घाबरून बोलून गेलो, "छकुली!"

साहेब ते टाइप करू लागले. काकू कन्नडमध्ये कडाडल्या, "मैत्रेयी घाला! बाप शुद्धीवर नाही."

शुद्ध मराठीवाल्यानं मान डोलावली. नाव चढलं. तो आवाज पुढे निरुपद्रवी निघाला, पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं?

परतताना बसमध्ये मी सहज विचारलं, "काकू, तुमच्या कार्डात कोण कोण?"

"मी एकटीच." काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. "हे गेले. पोरबाळ झालं नाही. जागा खूप आहे रे. घालायला कुणी नाही, अल्ला? खरं ना?"

मी झोपलेल्या पोरीला खांद्यावरून उचललं आणि काकूंच्या ओटीत घातलं.

काकूंनी तिच्यावर पदर ओढला.

"हां," त्या हळूच म्हणाल्या, "आता नीट घातलंस बघ."